तुऱ्याला चारलेली पळसपापडी

“तुऱ्या, सांग रे पाव्हन्यांना, डालग्यावरचा पाय काढा म्हनावं. खाली भुरी खुडूक बसलीये.”

बोलनं मला व्हतं, पन सासू बघत व्हती कोंबड्याकडं. म्या पाय काढला आन् मीबी कोंबड्यालाच म्हनलं, “तुऱ्या, काढला म्हनावं.”

आमचं असंच चालायचं. मी ठमाबाईचा घरजावई. तिला पोरगा नाय, एकच पोरगी, इंदू. इंदू पाळन्यात आसतानाच तिचा बाप गेलेला. डोंगराच्या कुशीला आंबेदऱ्यात चार खाचरं, धा-बारा हिरड्याची झाडं आन् ह्या कोंबड्या, एवढ्यावर म्हातारीनं पोरगी वाढवली. आता सासूनं जावयाशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाय ही आमच्याकडली जुनी रीत. दुसऱ्यांच्या घरी जावई दोन दिस येतो, सागुती खातो, जातो. तवर चालून जातं. मी तर मुक्कामालाच! मग ठमाबाईनं तोडगा काढला. मला काय सांगायचं आसलं की ती तुऱ्याला सांगायची. “तुऱ्या, भाकर झाली.” “तुऱ्या, औताचा फाळ सुटलाय, पाव्हन्यांना दिसत नाय वाटतं.” तिसरं वरीस चाललं व्हतं, तरी मी पाव्हनाच. माझं नाव लुमा हाये ह्ये तिला ठावं तरी हाये का, याची मला शंका यायची.

आन् त्यो तुऱ्या! तांबडा भडक, मानंवर सोनं, पायाला बोटाएवढी नखी. सगळ्या आळीत त्याच्यासमोर कुत्रं उभं राह्यचं नाय. मालकीन माझ्याशी बोलायला लागली की एक डोळा माझ्यावर रोखून असा उभा राह्यचा, जसा काय मामलेदार.

त्या दिशी सासूनं भुरीला दाना घालायला डालगं उचाललं आन् तशीच थांबली. भुरी अंड्यांवर मान टाकून पडलेली. मेली व्हती. म्या हातात घेतली तर नुसता पिसांचा भारा. कापूस उचालल्यावानी. एका महिन्यात ही चौथी.

शेजारचा चिंधूतात्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. त्याला दुसऱ्याच्या घरातलं सगळं आधी दिसायचं. “मानमोडी आली ठमाबाई,” त्यानं हाळी दिली. “आता सगळ्या जात्यात बघ. खाऊन घे त्यापरीस.”

“मानमोडी नाय तात्या,” म्या म्हनलं. “मानमोडीनं दोन दिसात खुराडं रिकामं व्हतं. ह्या झुरून मरून राह्यल्यात.”

“बघा! जावईबापू कोंबड्यांचे डाक्टर झाले.”

म्या विळा घेतला, परड्यात दगडावर भुरी चिरली, आतडं उघडलं. आत नुसत्या शेवया. पांढऱ्या, वळवळत्या, एकमेकात गुतलेल्या. इंदूनं पदर तोंडाला लावला. सासू मातुर वाकून बघत व्हती. तिनं मला काय इचारलं नाय, पन तुऱ्यालाबी इचारलं नाय. नुसती माझ्या हाताकडं बघत राह्यली.

माझा बा आमच्या गावी, देहन्याला, गुरा-शेरडांना दवा द्यायचा. शाळा त्यानं बघितली नव्हती आन् म्या दुसरीतून सोडली, पन झाडपाला त्यानं माझ्या हाताला लावला व्हता. शेरडाला जंत झाले, वासराचं पोट टरारलं, की बा पळसपापडी काढायचा. पळसाची शेंग आसती ना चपटी, तिच्या टोकाला एकच बी. तांबडी, चपटी, रुपायाएवढी. ती भिजवायची, साल काढायची, वाटायची. आन् बा नेमानं सांगायचा, “लुमा, थोडी घाल. ही जंताला मारती तशी जनावरालाबी मारती. हात आखडता ठेव.”

सांजच्याला चुलीपाशी म्या इंदूला ह्ये सांगितलं. ती भाकर थापता थापता थांबली.

“खरंच बऱ्या व्हतील?”

“बऱ्या व्हतील. पन तुझ्या आयेला कोन सांगनार? तुऱ्या?”

ती हसली नाय. तिला माहीत व्हतं माझ्या मनात काय हाये ते. माझा थोरला भाऊ कल्यानला गोदामात व्हता. त्याचा निरोप येऊन पडला व्हता, दोघं या म्हनून. म्या इंदूला सांगून टाकलं व्हतं, आखाड लागायच्या आधी जायचं. मला पाव्हना म्हनून म्हातारं व्हायचं नव्हतं. तिला आयेला एकटी टाकवत नव्हती आन् मला सोडवत नव्हतं.

“अवं, एक करा,” ती म्हनली. “तिच्या कोंबड्या तेवढ्या बऱ्या करून दावा. तिच्या जिवापरीस जास्त हायेत त्या. मंग बघू, तिचं तोंड उघडतंय का नाय. नाय उघडलं तर मी बोचकं बांधते. मंग मला काय म्हनायचं नाय.”

असा त्यो करार झाला. सतरा कोंबड्या राह्यल्या व्हत्या, आन् एक तुऱ्या.

सकाळी सासू उंबऱ्यात दाने घेऊन उभी. इंदूनं तिला सगळं सांगितलेलं दिसलं. म्हातारी तुऱ्यासमोर बसली. “तुऱ्या, पाव्हन्यांना म्हनावं, करा काय करायचं ते. पन तुला शिवायचं नाय. तुला कडू चारायचं नाय. ह्ये एक आईकलं म्हनावं का?”

“तुऱ्या,” म्या म्हनलं, “तुला का नाय म्हनावं? तू काय आभाळातून पडलास?”

म्हातारी उठून आत गेली.

“नवसाचा हाये त्यो,” इंदू हळूच म्हनली. “रानजाईला बोललेला. यंदाच्या आखाडात द्यायचाय. देवीला दिलेल्याला कडू चारत नायत.”

“कशाचा नवस?”

“त्ये आयेला ठावं आन् देवीला,” ती म्हनली आन् हंडा घेऊन पान्याला गेली.

मला काय कळायचं ते कळलं. आमाला आजून मूल नव्हतं. म्हातारी नातवासाठी नवस बोलली आसनार. म्हंजी जावयाकडनं काय व्हत नाय म्हनून कोंबडा. मला लय झोंबलं ते, पन म्या गिळून टाकलं. 

चैताचे दिस. पळसाच्या शेंगा आजून झाडावर हिरव्याच. म्हनून मी देहन्याला जाऊन आलो. आयेनं बाच्या मडक्यातली मागल्या सालची पापडी काढून दिली. रातभर पान्यात घातली, साल सोलली, पाट्यावर बारीक केली. नाचनीच्या पिठात जरासा गूळ घालून मळली आन् हरबऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. आदल्या दिशी कोंबड्यांना सांजचा दाना घातला नाय. उपाशी पोटी दवा लागती.

सकाळी एकेक कोंबडी इंदूनं काखेत धरायची, म्या चोच उघडायची आन् गोळी मागं ढकलायची. कोंबडी ही काय साधी चीज नाय. ती गिळल्यावानी करती, मान डुलवती, आन् तुमी डालगं उचाललं की गोळी तुमच्या पायावर थुकती. कबरीनं तर तीनदा थुकली. माझ्या हाताला नख्या, इंदूच्या लुगड्याला जे लागायचं ते लागलेलं. चिंधूतात्या ओट्यावरून बघत व्हता.

“जावईबापू, एक गोळी इकडंबी द्या. मलाबी भूक लागत नाय.”

“या तात्या, पन काखेत धरायला लागंल.”

दुपारपत्तर सगळ्या डालग्यांखाली कोंडून ठेवल्या, म्हंजी घान एका जाग्याला पडंल. सांजच्याला डालगी उचालली तर खाली सगळं उघड दिसत व्हतं. शेवयांचे झुबके. म्या ती घान खरडून खाचरात राब भाजायला पेटवलेल्या जाळात टाकली, जाग्यावर राख पसरली. सासू दारात उभी राहून बघत व्हती. लय वेळ बघत व्हती.

पंधरा दिसांनी परत एक डाव दिली. जंत मेले तरी त्याची अंडी मागं राहत्यात, ती फुटली की परत तेच. हे बानंच सांगितलेलं. वैशाखात कोंबड्यांचे तुरे लाल झाले. कबरी आंडी घालायला लागली. काळी खुडूक बसली, तेरा पिलं काढली. एक दिस माझ्या ताटात भाकरीच्या बाजूला उकडलेलं आंडं दिसलं. म्या वर बघितलं. सासू पाठमोरी, चुलीत फुकत व्हती.

“तुऱ्या,” ती म्हनली, “एक आंडं तडकलं व्हतं. टाकून द्यायचं म्हनून दिलं म्हनावं.”

आंडं चांगलं धडधाकट व्हतं. इंदू माझ्याकडं बघून डोळ्यात हसली. त्या दिशी मला वाटलं, आता बोलंल. आता दोन-चार दिसात बोलंल.

जेठ लागला आन् कबरीचा तुरा परत पांढरा पडला.

आधी वाटलं, उन्हानं आसंल. मंग काळी बसून राह्यली, पिलं मागं चिवचिवत्यात आन् ही उठत नाय. चौथ्या दिशी पिलं मरायला लागली. तेरातली पाच. म्या परत शेंगा आनल्या, आता झाडावरच्या ताज्या व्हत्या, परत वाटल्या, परत दिल्या. परत शेवया पडल्या. मंग म्या कपाळावर हात मारला. म्या दवा बरोबर दिली व्हती, डालग्यात कोंडून दिली व्हती, घान जाळली व्हती. मंग हे येतं कुठून?

“बाची इद्या मुलाला आली नाय पुरती,” चिंधूतात्या म्हनला. “आर्धीच आली.”

आता तर सासू तुऱ्याशीबी बोलत नव्हती. ताट आनायची, ठेवायची, जायची. मला त्याचंच लय लागलं. आधी निदान कोंबड्यातून का व्हईना, पन बोलनं व्हतं.

एक दिस मी परड्यात नुसताच बसलो व्हतो. तुऱ्या उकिरड्यावर चढला, पायानं उकरलं, शेपूट हलवलं, घान टाकली आन् खाली उतरला. तो उतरला तशी काळीची राह्यलेली पिलं वर चढली आन् तिथंच उकरायला लागली. मी उठलो. काडी घेतली, ती घान फाकवून बघितली.

शेवया.

सतरा कोंबड्या म्या कोंडल्या, चारल्या, त्यांची घान जाळली. आन् त्यो अठरावा, त्याला ना डालगं ना दवा, तो सगळ्या परड्यात, अंगनात, खुराड्यात जंत पेरत फिरत व्हता. त्याचं काय बिघडत नव्हतं. दांडगा गडी, पोटात जंत घेऊन आरवायचा. मरायच्या त्या बाकीच्या.

मी सरळ सासूसमोर जाऊन उभा राह्यलो. ती सुपात तांदूळ पाखडत व्हती. तुऱ्या तिच्या पायापाशी.

“तुऱ्या,” म्या म्हनलं, “तुझ्या पोटात जंत हायेत. तुझ्यापायी बाकीच्या मरून राह्यल्यात. तुला एकच गोळी चारली तर सगळ्या वाचत्यात. मालकिनीला सांग.”

सूप थांबलं. “तुऱ्या, नाय म्हनावं.”

“तुऱ्या, पिलं पाच मेली. काळी उद्या मरंल.”

“मरंना का. सतराच्या सतरा मरू दे. तुला कडू चारायचं नाय.”

“देवीला जंताचा कोंबडा चालतो का तुऱ्या?”

“तुऱ्या, पाव्हन्यांना म्हनावं, कडू हे मयताचं आसतं. मानूस जाळून आलं की लिंबाचा पाला खातो आपन. नवसाच्या जित्राबाला कडू चारलं म्हंजी ज्याच्या नावाचा त्यो हाये त्याच्यावर मयत आनलं. आता पुरं म्हनावं. परत इचारायचं नाय.”

ती तांदूळ तसेच टाकून उठली. मला वाटलं, रागानं उठली.

मी घरात गेलो आन् इंदूला म्हनलं, “बोचकं बांध.”

तिनं बांधलं. करार व्हता. बांधताना एकेक लुगडं दोन-दोनदा घडी करत व्हती. डोळ्यातलं पानी पुसायलाबी तिला हात रिकामा नव्हता.

पन माझ्या डोक्यातून काय कोंबडा जाईना. आपन जानार, ते ठीक. पन आपल्या मागं चिंधूतात्या म्हननार, लुमाच्या दव्यानं ठमाबाईचं खुराडं बसलं. माझ्या बाच्या पापडीला नाव ठेवनार. त्यापरीस जाता जाता एक गोळी चारावी आन् सुटावं. नातू व्हायचा तवा व्हईल. जन्मलाच नाय त्याच्यावर कसलं मयत?

सकाळी म्हातारी हंडा घेऊन झऱ्यावर गेली, तवर मी खुराड्याशी. तुऱ्यावर धोतर टाकलं, गुंडाळून काखेत मारला. दांडगा गडी म्हनून एकाऐवजी दोन गोळ्या त्याच्या नरड्यात लोटल्या. त्यानं माझ्या अंगठ्याचं मांस तोडलं, पन गिळल्या. राह्यलेल्या गोळ्या म्या बंडीच्या खिशात टाकल्या आन् मागं वळलो.

सासू दारात उभी. डोक्यावर हंडा. आज ती लवकर आली व्हती.

“काय चारलं?”

मी बघतच राह्यलो. तीन वर्सात पयल्यांदा ती माझ्या डोळ्यात बघून बोलली व्हती.

“काय चारलं त्याला?”

“पळसपापडी, मामी.”

हंडा खाली पडला. सगळं पानी उंबऱ्यातून आत. तिनं माझ्या हातातून कोंबडा हिसकला, चोच फाकवली, त्याच्या नरड्यात बोट घातलं. तो कोंबडा वरडतोय, हिच्या बोटाला रगत आलंय, पन ही काय सोडंना. “टाक, टाक माझ्या राजा, टाक.” तो कशाला टाकतो? मंग तिनं त्याला पदरात घेतला आन् तशीच अनवानी डोंगराकडं पळत सुटली. साठीची बाय. रानजाईच्या वाटंनं.

“आये!” इंदू आतून आली. तिनं सांडलेलं पानी बघितलं, माझं धोतर बघितलं. “चारलं?”

“चारलं. आग, एका कोंबड्यासाठी...”

“कोंबडा तुमचा हाये,” इंदू म्हनली.

“माझा?”

“तुमच्या नावाचा. ज्याच्यासाठी नवस बोलला त्याला सांगायचा नसतो म्हनून कुनी बोललं नाय. तुमी हिरड्यावरून पडला व्हता तवाचा.”

लग्नाच्या पयल्याच वैशाखात मी हिरडा झोडपायला चढलो व्हतो. फांदी मोडली, खाली कातळ. खुबा निखळला, डोस्क्याला मार. डोली करून तालुक्याच्या दवाखान्यात नेला. तीन दिस शुद्ध नव्हती, सतरा दिस खाटंवर व्हतो. देहन्याची माझी आये आली, चिंधूतात्यासुदीक येऊन गेला. पन सासू एक दिस आली नव्हती. ते माझ्या पोटात बसलेलं व्हतं. मी कुनाला बोललो नव्हतो, पन बसलेलं व्हतं.

“ती कशी येनार?” इंदू म्हनली. “सतरा दिस ती वरच व्हती. देवीम्होरं. सांगितलं तिला, माझा जावई पायावर उभा कर, माझ्या घरात तीन आखाड सरू दे, तवर ह्यो कोंबडा सांभाळते, मंग तुझा. तवा तुऱ्या मुठीएवढा व्हता. दोन आखाड सरलेत.”

मी बोचक्याकडं बघितलं. आखाडाला पंधरा दिस व्हते.

मंग मीबी निघालो. माझा खुबा चढाला दुखतो, तवाबी दुखायचा. ज्या हिरड्यावरून पडलो तो वाटंतच हाये. त्याच्या बुडाशी जरा टेकलो, परत चढलो. जांभळीखाली शेंदराचे तीन दगड, ती रानजाई. म्हातारी तिच्यासमोर बसलेली, कोंबडा मांडीत. माझ्याकडं पाठ. आन् भांडत व्हती. देवीशी भांडत व्हती.

“त्याचं मनावर घेऊ नको. त्याला कोन काय बोललं? नवस सांगायचा नाय ही तुझीच रीत. मंग त्याला कसं कळनार? भोळा हाये त्यो. कोंबड्या जगाव्या म्हनून केलं त्यानं. मपल्याच, माझ्याच कोंबड्या. कडू मपल्याकडं लाव. मी म्हातारी झाले, माझं काय आडलंय? दोन आखाड सरलेत, आई. एकच राह्यलाय. एकासाठी काय धरतीस?”

मी मागं उभा. खिशात हात गेला तर त्या गोळ्या लागल्या. सात का आठ व्हत्या. मी पुढं झालो, देवीसमोर बसलो, सासूच्या बाजूला.

“आई,” म्या म्हनलं, “कोंबडा मपल्या नावाचा आन् कडूबी मपल्याच नावाचं. मंग त्याच्या पोटात कशाला? घे, मपल्या पोटात.”

आन् सगळ्या गोळ्या तोंडात टाकल्या आन् चावल्या.

काय सांगू. जीभ आत वळली. गूळ घातलेला पन गूळ कुठं गेला कळलं नाय. ठमाबाईनं एकदम माझ्याकडं बघितलं, माझं हलतं तोंड बघितलं, खिसा उलटा बघितला. तिच्या ध्यानात आलं. कोंबडा मांडीतून उडाला आन् तिनं माझी मान धरली.

“अरे मुडद्या! थुक! थुक म्हनते ना! लुम्या, थुक! सगळ्या खुराड्याची दवा खाल्ली रं ह्यानं! थुक, तुझ्या तोंडात माती!”

आन् माझ्या पाठीत असा धपाटा घातला, आजून आठवतो.

म्या गिळल्या व्हत्या. आन् त्यात मला हसू यायला लागलं. लुम्या. तिला नाव ठावं व्हतं. ती मारतीये आन् मी हसतोय, आन् मंग तीबी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. हसत व्हती का रडत व्हती, मी काय बघितलं नाय. खुब्याचं निमित करून मी दुसरीकडं बघत बसलो.

“कडू ह्यानंच खाल्लं,” ती देवीकडं बघत म्हनली. “ह्याच्यावरचं फिटलं. फिटलं ना गं?”

देवी काय बोलती? पन जांभळीखाली तुऱ्या फडफडला आन् आरवला. म्हातारीनं हात जोडले.

उतरताना ती पुढं, तुऱ्या तिच्या काखेत, मी मागं. सगळ्या वाटंनं तोंड चालू. “एवढा घोडा झाला, आक्कल नाय. बानं हेच शिकवलं का? हात आखडता ठेव म्हनला व्हता ना बा? पाय बघून टाक, परत पडशील, आता दुसरा कोंबडा नाय मपल्याकडं.” तीन वर्साचं साठलेलं एका उतारावर उतरवलं तिनं. आळीत आलो तर चिंधूतात्याची तंबाखू हातातच राह्यली.

“ठमाबाई! अगं, जावयाला शिव्या देतीस?”

“जावई तुझ्या घरचा!” ती म्हनली. “ह्यो मपला लुम्या हाये. तुला काय करायचंय?”

पुढचे दोन दिस मी परड्याच्या मागंच व्हतो. किती डाव गेलो ते इचारू नका. बाचं बोलनं बरोबर व्हतं, थोडी घालायची आसती. म्हातारी ताक घेऊन कुंपनाच्या अलीकडं उभी राह्यची आन् वरडायची, “मेलास का हायेस?” तिकडं तुऱ्याच्या डालग्याखालीबी शेवया पडल्या. त्या सासूनं आपल्या हातानं खरडून जाळल्या. काळी वाचली. कबरी वाचली. आठ पिलं मोठी झाली. बोचकं कधी सुटलं मला कळलंच नाय. लुगडी दांडीवर वाळत पडलेली दिसली, तवा कळलं. कल्यानला भावाला निरोप धाडला, जमत नाय म्हनून.

आखाड सरता सरता शेवटच्या मंगळवारी आमी वर गेलो. तुऱ्याला आंघोळ घातलेली, गुलाल लावलेला. म्हातारीनं त्याच्या मानंवरून हात फिरवला, दोन डाव, आन् माझ्या हातात दिला. “तुझाच हाये,” म्हनली. “तूच दे.”

तिथंच जांभळीखाली तीन दगडांची चूल केली. इंदूनं भात टाकला, म्हातारीनं रस्सा केला. पयला निवद देवीला. दुसरं ताट तिनं माझ्यासमोर ठेवलं. समोर बसली, डोईवरचा पदर मागं पडलेला, तो तिनं काय ओढून घेतला नाय.

म्या घास उचालला पन तोंडात जाईना. त्याचा त्यो मामलेदारी डोळा आठवत व्हता.

ती बघत व्हती. मधी कोंबडा नव्हता. कुनीच नव्हतं.

“खा, लुम्या,” ती म्हनली. “कडू नाय.”